पूररेषा जुनी, पाऊस नवा

(कामतघर, भिवंडी येथे कापूस व ज्वारी उत्पादकांच्या बैठकीत केलेले भाषण)



आपल्या कापसाचे सूत ज्या मागांवर चढते ते यंत्रमाग पाहायला आपण भिवंडीला आलो आणि आता कामतघरात, वऱ्हाळदेवी तलावाच्या गावात, पुराविषयी बोलायला बसलो. कोरडवाहूवाल्याला पुराचे काय, असे कोणी म्हणेल. मोवाडचा माणूस तसे म्हणणार नाही. 30 जुलै 1991 रोजी वर्धा नदीने ते गाव धुऊन नेले, दोनशेवर माणसे गेली. 2025 च्या सप्टेंबरात सीनेकाठी पिकाबरोबर मातीही गेली. दुष्काळी मुलूख म्हणून पूर वाट सोडत नाही.

नदीकाठी सरकार दोन रेषा आखते. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. आता 'शंभरातून एकदा' याचा अर्थ एकदा येऊन गेला की नातवापर्यंत सुट्टी, असा नाही. दर वर्षी शंभरात एक, असा आहे. त्या रेषेवर घर बांधून 30 वर्षे राहिलात, तर पूर दारात येण्याची शक्यता चारात एक.

हे गणित आम्ही शेतकी कॉलेजात शिकलो. मागच्या वर्षांचा पाऊस मांडायचा, पाणलोटातली जमीन पाहायची, नदीत किती पाणी येईल ते काढायचे. त्यात एक गोष्ट मुकाट्याने धरून चालतात: पाऊस पूर्वीसारखा पडेल आणि जमीन पूर्वीसारखी राहील. दोन्ही खोटे ठरले आहे.

पाऊस घ्या. हवा एक अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त वाफ धरते. मध्य भारतात मोठ्या टापूवर होणारी अतिवृष्टी 1950 ते 2015 या काळात तिपटीने वाढली, हे पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी 2017 साली दाखवले. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. आपल्या ज्वारीच्या पट्ट्यात वर्षभरातही तेवढा होत नाही.

आता जमीन. भिवंडी तालुक्यात काल्हेर, पूर्णा, माणकोलीकडे जिथे भातखाचरे होती तिथे गोदामे उभी आहेत. एक एकरावर चार इंच पाऊस म्हणजे चार लाख लिटर पाणी. बांधाचे खाचर ते धरून ठेवायचे, सावकाश सोडायचे. पत्र्याचे छप्पर ते त्याच घटकेला नाल्यात टाकते. नाला कामवारी नदीत, नदी खाडीत. आणि खाडीला भरती असेल तर पाणी जाणार कुठे? पण दोष जमीन विकणाऱ्याला देऊ नका. भात परवडला असता तर खाचर विकले गेले असते का? खाचर पाणी अडवते याचे मोल त्याला कोणी कधी दिले नाही.

आपल्याकडे गोदामे नसतील, पण कोरलेले बांध, बुजवलेले ओढे आणि अपुऱ्या मोरीचे रस्ते आहेत. शिवाय काळी जमीन. जूनमध्ये भेगाळलेली असते तेव्हा ती पाणी गटागटा पिते. सप्टेंबरपर्यंत भिजून फुगली की पाणी आत घेणे जवळपास थांबते. म्हणून तोच चार इंच पाऊस जूनमध्ये जिरतो आणि सप्टेंबरमध्ये घरात शिरतो. अंदाज नुसत्या पावसाचा करून भागत नाही. जमीन किती ओली आहे, पाण्याची वाट किती मोकळी आहे, हेही धरावे लागते.

मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर झाला तर अतिवृष्टी, हा सरकारी हिशेब. यंत्र मंडळाच्या एका ठिकाणी, ढग फुटतो दुसऱ्याच शिवारात. तेव्हा मदत मागताना आपला आकडा आपल्याजवळ हवा.

परत गेल्यावर तीन कामे करा. गावात पर्जन्यमापक बसवा आणि रोज सकाळी ठरल्या वेळी आकडा वहीत लिहा. पूर जिथवर चढला तिथे पक्क्या भिंतीवर तारखेसह खूण करा. गावनकाशावरचे ओढे पायी फिरून पाहा. कुठे बुजले, कोणती मोरी तोकडी, ते ग्रामसभेच्या ठरावात आणा.

पूररेषा नव्या पावसाने आणि आजच्या जमिनीने पुन्हा आखा, ही आपली मागणी आहे. ती मागायला जाल तेव्हा हातात वही असू द्या.