नांगी भरता येते, शेत नव्हे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



नंदुरबारची मिरची पथारी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना तिथल्या बायका आठवतील. उकिडवं बसायचं आणि दिवसभर मिरचीचे देठ खुडायचे. माझ्या अम्मीनं हे काम वर्षानुवर्षं केलं. आता ती खुर्चीवर बसून नमाज पढते. दुखण्यापेक्षा सजदा घडत नाही, याचीच तिला खंत जास्त.

अलीकडेच माझ्या भाच्याच्या गुडघ्याची तपासणी झाली. कबड्डीत मार लागला होता; तेल चोळून, पट्टा बांधून तो दोन वर्षं खेळतच राहिला. कूर्चेला एका जागी खड्डा पडला होता. डॉक्टर म्हणाले, याच्याच पेशी वाढवून तो भरता येईल. अम्मीनं ते ऐकलं. रात्री हळूच मला विचारलं, "माझ्याही गुडघ्यात बसवतील का रे?"

मी कविता लिहिणारा माणूस. उत्तर ठाऊक नव्हतं. मग वाचलं, डॉक्टरांना विचारलं.

कूर्चा म्हणजे सांध्यात हाडाच्या टोकावर असलेलं गुळगुळीत अस्तर, जेमतेम काही मिलिमीटर जाडीचं. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून त्याची जखम आपोआप नीट भरत नाही. लंडनच्या विल्यम हंटर यांनी १७४३ सालीच हे लिहून ठेवलं होतं. पुढे १९८७ साली स्वीडनमध्ये गोथेनबर्गला लार्स पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाट काढली. गुडघ्यात जिथे भार कमी पडतो, तिथून दुर्बिणीच्या साहाय्यानं कूर्चेचा लहानसा तुकडा घ्यायचा, प्रयोगशाळेत त्यातल्या पेशी काही आठवडे वाढवायच्या आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत त्या खड्ड्यात बसवायच्या. १९९४ साली त्यांनी २३ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. मांडीच्या हाडावर खड्डा असलेल्या १६ पैकी १४ जणांना चांगला गुण आला. वाटीमागे खड्डा असलेल्या ७ पैकी फक्त दोघांना. आपल्याकडे २०१७ साली मुंबईच्या रिग्रो बायोसायन्सेस या कंपनीच्या अशा उपचाराला औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली.

हे अम्मीला कसं सांगावं? शेवटी शेताचीच भाषा कामाला आली. म्हटलं, "अम्मी, मिरची लावल्यावर काही रोपं मरतात. मग आपण वाफ्यातलं रोप आणून नांगी भरतो. आजूबाजूचं पीक उभं असेल तर ते तग धरतं. पण सगळं शेतच वाळलं असेल तर नांग्या भरून काय होणार?" भाच्याची नांगी आहे. अम्मीचा गुडघा वयानं आणि कष्टानं सगळाच झिजला आहे. अशा गुडघ्याला हा उपचार चालत नाही. व्यायाम, वजन आटोक्यात ठेवणं आणि फारच झालं तर सांधा बदलणं, हे तिचे मार्ग.

भाच्यालाही सगळं सोपं नाही. कित्येक आठवडे कुबड्या, नेमानं व्यायाम आणि मैदानावर परतायला वर्षभर तरी थांबणं. ज्याचं पोट मजुरीवर आहे, त्यानं इतके दिवस बसून कसं राहायचं, हा प्रश्न शस्त्रक्रियेहून अवघड आहे.

अम्मी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माझं राहू दे. पोराला आणखी थांबवू नका. तेल चोळण्यात दोन वर्षं गेलीच आहेत."

तरुण पोरांच्या आईबापांना मलाही एवढंच सांगायचं आहे.