आवाज जपायचा, नावासकट

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

एरवी मी तुमच्याशी हप्ते, व्याज आणि ठराव वही यांवरच बोलते. आज गाण्यावर बोलणार आहे. हसू नका, यातही हिशेबच आहे.

आपल्या प्रत्येक गटात साठीच्या पुढच्या दोन-चार बाया आहेत. त्यांना जात्यावरच्या ओव्या येतात, हळदीची गाणी येतात, पाळणे येतात. त्यांच्या सुनांना त्यातलं थोडं येतं आणि नातींना जवळपास काहीच नाही. यात सुनांचा दोष नाही. गावात पिठाची गिरणी आली आणि बाईची पाठ वाचली. जातं परत यावं असं मी मुळीच म्हणणार नाही. पहाटे उठून पायलीभर दळणं म्हणजे काय, ते ज्यांनी दळलं त्यांना विचारा. पण जातं कोपऱ्यात गेलं तसं त्याच्यावरचं गाणंही कोपऱ्यात गेलं. आता ते फक्त काही म्हाताऱ्या गळ्यांत उरलंय.

तुम्ही म्हणाल, लिहून ठेवू की वहीत. जरूर लिहा. पण बहिणाबाईंचं उदाहरण बघा. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी, १८८० चा जन्म. लिहिता-वाचता येत नव्हतं. घरकाम, शेतकाम करता करता त्या गाणी रचायच्या. मुलगा सोपानदेव आणि एक नातलग यांनी ती कागदावर उतरवून घेतली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. घरातल्या माणसांनी लिहून घेतलं म्हणून ती आपल्या हातात आहेत, नाहीतर त्यांच्याबरोबरच गेली असती. पण चालीचं काय? आपण त्यांतली काही गाणी ज्या चालीत गुणगुणतो ती ‘मानिनी’ या १९६१ सालच्या चित्रपटातली, संगीतकार वसंत पवारांनी बांधलेली. गोडच आहे ती. पण बहिणाबाई स्वतः कुठे थांबायच्या, कुठला शब्द लांबवायच्या, ते पुस्तकाच्या पानावर नाही. शब्द कागदावर राहतो, गळा राहत नाही. त्यांच्या घरात आवाज पकडायचं यंत्र नव्हतं. आपल्या घरात ते रोज उशाशी चार्जिंगला लागलेलं असतं.

आता, गाणं सुचतं कसं आणि आठवतं कसं? आजीला खुर्चीवर बसवायचं, तोंडापुढे फोन धरायचा आणि म्हणायचं, “म्हणा.” आजी म्हणणार, “मला नाही बाई काही येत.” ती खोटं बोलत नाही. तिचं गाणं हाताच्या कामाशी बांधलेलं आहे, हात रिकामा असला की ते येतच नाही. म्हणून तिच्या हातात सूप द्या, निवडायला तांदूळ द्या, जातं असेल तर मूठभर ज्वारी घालून खुंटा हातात द्या. समोर तिच्याच वयाची सोबतीण बसवा, कारण एक ओळ टाकते तेव्हाच दुसरी उचलते. माहेरचा विषय काढा. भाऊ, आई, पंढरीची वाट, पहिलं बाळंतपण यातलं काहीतरी एक दार उघडतं, आणि मग थांबवता थांबत नाही.

नवं गाणंही असंच येतं. ओवी दोन ओळींची. बहुतेक वेळा पहिली ओळ समोर दिसतं त्याची, दुसरी मनातल्या गोष्टीची, शेवटाला यमक जुळलं की झालं. त्यासाठी कुणी कवयित्री असावं लागत नाही. आमच्या एका गटात भोंडल्याच्या जुन्या चालीवर नळाच्या पाळीचं गाणं तयार झालं, तेही हंड्यांच्या रांगेत उभ्या उभ्या. सरपंचांनाही आवडलं म्हणे, निदान ते तसं म्हणाले.

आता प्रत्यक्ष रेकॉर्डिंग. यासाठी काही विकत आणायचं नाही, एवढं आधीच सांगते.

खोली निवडताना सगळ्यात भारी खोली निवडू नका. फरशीची, रंगवलेल्या भिंतींची रिकामी खोली आवाज घुमवते. धान्याची पोती, गादीचा ढीग, दोरीवर कपडे असलेली अडगळीची खोली उत्तम, कारण मऊ वस्तू आवाज पिऊन टाकतात. नसेल तर गाणारीच्या समोर आणि मागे दोरीवर एकेक जाड गोधडी टाका. आपल्या गोधड्यांचा हा नवा उपयोग. पत्र्याच्या घरात पाऊस असेल तर त्या दिवशी नादच सोडा. पंखा बंद, टीव्ही बंद, फ्रीज असेल तर तेवढा वेळ बंद, पण नंतर आठवणीने चालू करा. विहिरीवरची मोटर आणि शेजारची गिरणी कधी चालते ते तुम्हाला माहीत असतंच, ती वेळ टाळा. दुपारची जेवणं झाल्यावर गाव जरा शांत असतं.

फोन आधी विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन रंगात जावयाचा फोन येतो. फोनच्या खालच्या कडेला, चार्जिंगच्या भोकाजवळ, एक बारीक छिद्र असतं. तोच त्याचा कान. त्यावर बोट किंवा कव्हर येऊ देऊ नका, आणि तो कान गाणारीकडे करा. फोन हातात धरायचा नाही, हात हलला की खरखर येते. पालथ्या डब्यावर घडी घातलेला टॉवेल, त्यावर फोन. तोंडापासून साधारण दीड वीत लांब आणि किंचित बाजूला. अगदी समोर ठेवला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना श्वास फटकन आपटतो. बाई खड्या आवाजाची असेल तर फोन आणखी लांब न्या, नाहीतर आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही.

जात्यावर गाणार असेल तर फोन जमिनीवर नकोच, घरघर जमिनीतून थेट चढते. बसलेल्या बाईच्या तोंडाच्या उंचीला, जात्यापासून लांबच्या बाजूला ठेवा. मी तर म्हणेन दोनदा घ्या, एकदा जात्यासह आणि एकदा नुसता गळा. काकणांची किणकिण राहू द्या, ती आपलीच आहे. पण इयरफोनचा माइक पदराला लावणार असाल तर मंगळसूत्राचे मणी त्यावर घासतात, तेवढं बघा.

फोनमधलं साधं व्हॉइस रेकॉर्डर ॲप पुरे. आधी दहा सेकंद रेकॉर्ड करून ऐका. मग बटण दाबून मनात पाच आकडे मोजा आणि मग सुरू करा, शेवटीही तसंच. मध्ये “वा गं वा” म्हणायचं नाही, मान डोलवायची. ओळ विसरली तर थांबवू नका, आठवेपर्यंत चालू ठेवा.

आणि सगळ्यात आधी गाणारीने स्वतःच्या तोंडाने नाव सांगायचं. नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव, हे गाणं कुणाकडून शिकली, आजची तारीख. हे मी आग्रहाने सांगते त्याला कारण आहे. आमच्या भागात दोन वर्षांपूर्वी बाहेरून काही मंडळी आली, चहापाणी झालं, चार बायांची गाणी घेऊन गेली. पुढे ती गाणी एका व्हिडिओत वाजली. खाली लिहिलं होतं ‘पारंपरिक लोकगीत’. बायांची नावं नव्हती, गावाचं नव्हतं. त्यातली एक बाई मला म्हणाली, “ताई, गिरणीवर पीठ ठेवलं तरी डब्यावर नाव घालतात.” यावर मला काही बोलता आलं नाही.

असंच व्हायला हवं असं नाही, बरं का. हेमा राईरकर आणि गी पोइतवाँ यांनी पुण्यात राहून १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्यांचा मोठा संग्रह उभा केला. हजारावर गावांतल्या एक लाखाहून जास्त ओव्या, आणि कोणती ओवी कुठल्या गावच्या कोणत्या बाईची याची नोंद. आज त्यातल्या कित्येक ‘पारी’ या संकेतस्थळावर आवाजासकट ऐकता येतात. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या तिथे आहेत, जरूर ऐका. एक लाख ओव्यांची नोंद ठेवता येते, तर आपल्याला गटातल्या दहा बायांची ठेवता येईलच.

परवानगीचंही सांगते. ओवीत सासू असते, नवऱ्याचा मार असतो, वाटणीत डावललेली बहीण असते. बाई जात्याशी बोलते तेव्हा ती सगळ्या गावाशी बोलत नसते. म्हणून तीन वेगवेगळे प्रश्न विचारा: रेकॉर्ड करू का? गटात ऐकवू का? रेडिओवर लावू का? पहिल्याला हो म्हणालेली तिसऱ्याला नाही म्हणू शकते. आमच्या एका आजींनी पाऊण तास गाऊन दिलं आणि म्हणाल्या, “हे आत्ता कुठं वाजवू नका. मी गेल्यावर लेकीला द्या.” ते मेमरी कार्ड पाकिटात घालून, वर नाव लिहून, गटाच्या पेटीत पासबुकांसोबत ठेवलंय. लेकीला ते आहे एवढं माहीत आहे. काय आहे ते माहीत नाही. आणि जुन्या आजींच्या नातवाने विचारल्याशिवाय तो आवाज व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकणं, हा पण गुन्हाच समजा.

जपणूक मात्र खबरदारीने करा. फोन बहुतेक वेळा मुलाचा नाहीतर मालकांचा असतो, त्यात शुभ सकाळचे फोटो भरलेले असतात, आणि जागा संपली की कुणीतरी काहीतरी पुसतं. म्हणून त्याच दिवशी मेमरी कार्डात किंवा पेनड्राइव्हमध्ये एक प्रत काढा आणि दुसरी दुसऱ्या घरात ठेवा. साधं रेकॉर्डिंग मिनिटाला एक एमबीच्या आसपास जातं, म्हणजे तासाभराचं गाणं एका छोट्या सिनेमाहून लहान. व्हॉट्सॲपवर बटण दाबून गायलेलं रेडिओला चालत नाही, तो आवाज दाबून लहान झालेला असतो. आधी रेकॉर्डरमध्ये घ्या, मग डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि फाइलला गाव, नाव, तारीख द्या, ‘रेकॉर्डिंग १७’ असं काही ठेवू नका.

यासाठी गटाच्या वहीची शेवटची चार पानं वेगळी काढा. नाव, माहेर, गाणं, कुणाकडून शिकली, परवानगी कुठपर्यंत, आणि समोर सही किंवा अंगठा. पुढच्या महिन्यात मी वही तपासायला येईन तेव्हा कर्जाच्या पानांबरोबर तीही पानं बघणार आहे. ज्यांच्या गटात ऐंशीच्या पुढची कुणी असेल, त्यांनी महिन्याची वाट बघू नका, उद्याच जा. जाताना फोन चार्ज करून न्या. नमस्कार.