प्रश्न ऐकणारी स्क्रिप्ट

सोलापुरी चादरीवरची नक्षी जुन्या जकार्ड मागात भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ उठवते. भोक आलं की हूक वर जातो, त्याबरोबर ताण्याचा धागा. धागा तुटलाय का, हे मात्र पुठ्ठ्याला कळत नाही. ते बघायला विणकर लागतो. संगणकावर कामं आपोआप व्हावीत म्हणून लिहिलेल्या बऱ्याच स्क्रिप्ट अशाच आंधळ्या असतात. कमांड लाइनवरचा प्रोग्राम विचारतो, ‘फाइल पुसू का?’, आणि उत्तरासाठी थांबतो. ही उत्तरं आधीच फाइलीत लिहून ओतता येतात. युनिक्समध्ये तर ‘येस’ नावाची आज्ञाच आहे. थांबवेपर्यंत ती ‘वाय’, ‘वाय’ म्हणत राहते. पण मध्येच एखादा नवा प्रश्न आला, की पुढची सगळी उत्तरं एकेक घर सरकतात. शिवाय पासवर्ड विचारणारे अनेक प्रोग्राम ओतलेलं उत्तर घेतच नाहीत, ते थेट टर्मिनलवरून वाचतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतल्या डॉन लिब्स यांनी यावर 1990 मध्ये ‘एक्स्पेक्ट’ नावाचं साधन आणलं. ते प्रोग्रामपुढे आभासी टर्मिनल मांडतं, त्यामुळे समोर माणूसच बसलाय असं प्रोग्रामला वाटतं. ‘स्पॉन’ने प्रोग्राम सुरू करायचा, ‘एक्स्पेक्ट’ने ठरलेल्या प्रश्नाची वाट पाहायची, तो आला की ‘सेंड’ने उत्तर द्यायचं. खरी करामत वाट पाहण्यात आहे, आणि खोचही तिथेच. वाट पाहण्याची मुदत मुळात 10 सेकंदांची असते. ती टळल्यावर काय करायचं हे लिहिलं नसेल, तर स्क्रिप्ट निमूट पुढच्या ओळीवर जाते. म्हणजे पुन्हा जकार्डच!

कोणी म्हणेल, ‘नक्की का?’ हा प्रश्न माणसाने विचार करावा म्हणूनच असतो. तिथे यंत्राला कशाला बसवायचं? पण पन्नासाव्या खेपेला माणूस तरी तो कुठे वाचतो? बोट आपसूक ‘वाय’वर जातं. स्क्रिप्ट शब्दन्‌शब्द ताडून पाहते, आणि अनोळखी प्रश्नाला थांबून माणसाला हाक मारायला तिला शिकवता येतं. पासवर्ड स्क्रिप्टमध्ये उघडा पडतो, हा आक्षेप मात्र मान्यच करायला हवा. दूरच्या यंत्रात शिरायला एसएसएचची किल्ली वापरावी. प्रोग्रामलाच प्रश्न टाळायचा पर्याय असेल, तर एक्स्पेक्टची गरजही नाही. जिथे ती आहे, तिथे लिहिणाऱ्यांनी मुदत टळल्यावर थांबण्याची ओळ आधी लिहावी, ‘सेंड’ची मागून.