जिल्हा परिषदेची शाळा चालते कशी?

(संस्थेच्या पालक मेळाव्यात दिलेले भाषण. वक्ते : माध्यमिक विभागाचे सहशिक्षक, बी.ए., बी.एड.)



आपल्या संस्थेच्या व्यासपीठावरून मी आपल्या शाळेविषयी न बोलता जिल्हा परिषदेच्या शाळेविषयी बोलणार आहे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु आमच्याकडे पाचवीला, आठवीला जी मुले-मुली येतात ती येतात कोठून? उमरीतल्या मोहल्ल्यांतून व आसपासच्या खेड्यांतून. आणि त्यांपैकी पुष्कळांची पहिली पाटी जिल्हा परिषदेच्या शाळेतच हाती आलेली असते. तेथे अक्षर पक्के झाले नाही तर आठवीत आम्ही कितीही जीव तोडून शिकवले तरी ते अपुरेच पडते. म्हणून ती शाळा हा आपल्या सर्वांच्या काळजीचा विषय आहे.

मागे एका पालकाने मला विचारले, "सर, या सरकारी शाळेचा मालक कोण?" प्रश्न साधा होता, पण उत्तर द्यायला मला बराच वेळ लागला. आज तेच उत्तर थोडे विस्ताराने देतो.

निजामाच्या राजवटीत शाळा ही ठराविक मोठ्या गावची चीज होती. १९१८ साली हैदराबादेत उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ निघाले, परंतु खेड्यातल्या मुलाला पहिलीचा वर्ग मिळणे मुश्कील होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. त्यानंतर वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. प्राथमिक शाळा त्यांच्या ताब्यात आल्या. आपल्या वाडीवस्तीवर आज जी शाळा दिसते ती या व्यवस्थेची देणगी होय.

आता कारभाराची उतरंड पाहा. नांदेडला जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, त्यांच्या हाताखाली शिक्षणाधिकारी. पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी व विस्तार अधिकारी. त्यांच्या खाली काही शाळांचे मिळून एक केंद्र व त्याचे केंद्रप्रमुख. आणि शेवटी मुख्याध्यापक. लोकांच्या बाजूने पाहिले तर जिल्हा परिषदेची शिक्षण समिती व तिचे सभापती. पण राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि आरक्षणाच्या वादामुळे निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या. त्या काळात प्रशासकांनी कारभार पाहिला, सभापतीची खुर्ची रिकामी राहिली. ज्याच्या दारात जाऊन तक्रार करावी असा आपण निवडून दिलेला माणूसच नव्हता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे समितीचा विषय येणार आहे.

या उतरंडीत मुख्याध्यापकाच्या हाती किती? फार थोडे. पगार राज्य शासनाच्या पैशातून, बदल्या जिल्ह्याच्या पातळीवर संगणकावर, पुस्तके पुण्याच्या बालभारतीकडून (मराठीप्रमाणेच उर्दूतही), खिचडीचा तांदूळ केंद्र सरकारकडून. पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज १०० ग्रॅम व सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम, हा हिशेबसुद्धा वरूनच ठरलेला. मग गावाच्या हाती काय राहते? माझ्या मते दोन गोष्टी राहतात, पट आणि समिती.

आधी पटाचे बोलू. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० पर्यंत तीन, ९१ ते १२० पर्यंत चार असे कोष्टक आहे. राज्य शासन दर वर्षी साधारणतः ३० सप्टेंबरचा पट धरून प्रत्येक शाळेची पदे ठरवते. याला संच मान्यता म्हणतात. तिचे निकष शासन अधूनमधून बदलते; १५ मार्च २०२४ च्या निर्णयाने कमी पटाच्या शाळांची पदे धोक्यात आली म्हणून त्या वर्षी राज्यभर शिक्षक रस्त्यावर उतरले होते. निकष कोणतेही असोत, तत्त्व एकच राहते : मुले मोजली जातात आणि त्या मोजणीवर शिक्षक मिळतो. पट काठावर असलेल्या शाळेतून दोन-तीन घरांनी मुले काढून शहरातल्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवली, की कोष्टकातली ओळ बदलते. एक गुरुजी "अतिरिक्त" ठरतात आणि उरलेल्या मुलांना दोन-दोन, तीन-तीन इयत्ता एकत्र बसून शिकावे लागते. मग ते पाहून आणखी दोन घरे मुले काढतात. नुकसान होते ते गाडीचे भाडे परवडत नाही त्या घरातल्या मुलांचे, आणि बहुधा मुलींचे.

पैशाचेही तसेच. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला जे वार्षिक अनुदान मिळते त्याच्या केंद्रीय निकषाप्रमाणे ३१ ते १०० पटाला २५ हजार रुपये आणि १०१ ते २५० पटाला ५० हजार. पूर्ण रक्कम वेळेवर हाती पडतेच असे नाही, हा भाग वेगळा. पण पट मोजला गेला नाही तर मागायलाही आधार राहत नाही.

मोजला गेला नाही म्हणजे काय, हे आपल्या मोहल्ल्याने विशेष लक्षात घ्यावे. अलीकडच्या वर्षांत संच मान्यतेसाठी आधार क्रमांकाची पडताळणी झालेली मुले धरली जातात. आधारवरचे नाव, जन्मतारीख आणि शाळेच्या नोंदीतले नाव, जन्मतारीख जुळली पाहिजे. आणि आपली नावे पाहा! जन्माच्या दाखल्यावर "मोहम्मद", आधारवर नुसते "मो.", शाळेच्या रजिस्टरात "महंमद". "शेख" एका कागदावर आधी, दुसऱ्यावर शेवटी, आणि इंग्रजीत त्याची स्पेलिंगे तीन. मुलीच्या नावापुढे एके ठिकाणी "बेगम", दुसरीकडे "बी", तिसरीकडे काहीच नाही. घरात हाक मारण्याचे नाव कुणीतरी भरती करताना सांगून टाकले, ते आयुष्यभर चिकटले. पोर रोज वर्गात बसते, खिचडी खाते, कविता म्हणते. पण संगणकाच्या लेखी ते नाही. यात गुरुजींचाही दोष नाही नि मुलाचाही नाही. कागद करताना घरात कुणी मान वर करून पाहिले नाही, एवढेच.

हे केवळ शाळेपुरते नाही. दाखल-खारीज रजिस्टरातील नोंद पुढे टी.सी. वर जाते, टी.सी. वरून दहावीच्या प्रमाणपत्रावर, तेथून नोकरीच्या अर्जावर. मूल शाळेत शिकत आहे तोवर जन्माचा दाखला लावून मुख्याध्यापकांमार्फत दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवता येतो. शाळा सोडल्यावर हेच काम फार अवघड होऊन बसते. बागवान, मोमीन, अत्तार, मनियार, तांबोळी आदी जमातींच्या पालकांनी तर जातीच्या रकान्याकडेही पाहावे. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, आणि अनेकदा आजोबांच्या शाळेची नोंद हाच एकमेव पुरावा असतो.

आता समिती. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान ७५ टक्के सदस्य आईवडील वा पालक असावे लागतात आणि निम्म्या सदस्य महिला. अध्यक्ष पालकांतून, मुख्याध्यापक सचिव. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे, विकास आराखडा करणे व अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे हे या समितीचे काम आहे. (संस्थांच्या अनुदानित व अल्पसंख्याक शाळांची गोष्ट वेगळी आहे, तेथील समितीला २०१२ च्या दुरुस्तीने केवळ सल्ल्याचे काम दिले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही असा निकाल दिला, व २०२५ मध्ये न्यायालयानेच तो प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला.) मी वर म्हटले की जिल्ह्यात निवडून आलेले कोणी नव्हते. त्या काळातही गावात ही समिती होती, आणि तिचे बहुसंख्य सदस्य आईवडीलच होते. तिच्याकडून काय झाले? अनेक ठिकाणी बैठकीचे रजिस्टर घरोघर फिरून सह्या झाल्या. महिला सदस्यांच्या सह्या तर घरातले पुरुषच आणून देतात. आमच्या अम्मीजींना आणि भाभींना ठरावात काय लिहिले आहे ते विचारा; बहुतेकींना आपण सदस्य आहोत हेच ठाऊक नसते.

बैठकीत जाऊन विचारायचे काय, असा आपला प्रश्न असेल. मंजूर पदे किती व भरलेली किती? गुरुजी कोणत्या कामावर गेले आहेत? कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण व निवडणूक यांखेरीज इतर अशैक्षणिक काम शिक्षकाला देता येत नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी आहे का? तांदूळ किती आला, किती शिजला? आणि सर्वांत मोठा प्रश्न, मुले वाचतात का?

या शेवटच्या प्रश्नावर जरा थांबतो. "असर" नावाचे एक सर्वेक्षण २००५ पासून ग्रामीण भागात घरोघर जाऊन होत आले आहे. त्यात मुलापुढे दुसरीच्या पातळीचा उतारा ठेवतात. २०२२ साली देशातील पाचवीच्या मुलांपैकी ४२.८ टक्के मुले तो वाचू शकली. २०२४ मध्ये हे प्रमाण ४८.८ टक्के झाले. सुधारणा आहे, पण निम्म्याहून अधिक मुले अजून पलीकडेच आहेत. या आकड्यांत खाजगी शाळांची मुलेही आहेत, हे गाडीचे भाडे भरणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. ही परीक्षा घ्यायला बी.एड. लागत नाही. येत्या रविवारी पाचवीच्या मुलाला दुसरीचे पुस्तक द्या आणि समोर बसा. ५२ मधून ३७ वजा करायला सांगा. हातचा घेता येतो का पाहा. आपण स्वतः शिकलेले नसाल तर शेजारच्या कॉलेजातल्या मुलीला बसवा.

उर्दू माध्यमाच्या मुलांना दोन उतारे द्या, एक उर्दूचा, एक मराठीचा. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय व्हावी हे घटनेच्या ३५०-क कलमात आहे व मी त्याचा पुरस्कर्ता आहे. पण तलाठ्याची परीक्षा, पोलीस भरती, तहसीलचा अर्ज सारे मराठीत. मराठीचा तास रिकामा गेला तर ते समितीत विचारा. आणि उर्दूला कमी लेखणाऱ्यांनाही एक सांगतो : २०२३ मध्ये शिंदे समितीचे काम सुरू झाल्यावर निजामकालीन उर्दू व मोडी कागद वाचणारी माणसे मराठवाड्यात शोधावी लागली.

एक कडू गोष्ट बोलणे भाग आहे. कायद्याने पाचवीपर्यंत वर्षाला २०० दिवस व सहावी ते आठवी २२० दिवस शाळा भरली पाहिजे. शाळा भरते, पण आपले मूल त्यांपैकी किती दिवस हजर असते? निजामाबाद-हैदराबादकडे कामाला जाताना मुलांना बरोबर नेले जाते, महिनेमहिने. लग्नाला चार दिवस, कापूस वेचणीला पंधरा दिवस. नाव पटावर, मूल बाहेर. पोटासाठी जाणाऱ्याला मी दोष देत नाही. पण जाण्यापूर्वी मुख्याध्यापकांना भेटा. मुलाला आजीजवळ ठेवता येत असेल तर ठेवा, नाही तर जेथे जाल तेथील शाळेत नाव घालण्यासाठी कागद बरोबर न्या. टी.सी. नाही म्हणून कोणतीही सरकारी शाळा आठवीपर्यंतच्या मुलाला प्रवेश नाकारू शकत नाही. कलम ५ तसे सांगते.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला एकच काम देतो. आज घरी गेल्यावर आपले व धाकट्या भावंडांचे आधार कार्ड, जन्माचा दाखला आणि शाळेचे प्रगतीपत्रक एकाशेजारी एक ठेवा आणि नावाचे प्रत्येक अक्षर जुळवून पाहा. फरक दिसला तर तो वहीत लिहा आणि अब्बांना घेऊन या. धाकटी भावंडे जिल्हा परिषदेच्या शाळेत असतील तर तेथील मुख्याध्यापकांकडे जा, आमच्याकडे असतील तर कार्यालयात या. ३० सप्टेंबरच्या आत या.