पावसाळी बेगमी आणि देयकांची पडताळणी

पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा मार्ग बंद होतो. तेथील वसतिगृहांना धान्याची बेगमी आधीच करावी लागते. नंतर माल परत करण्याचीही सोय नसते. या घाईत दरवाढ नजरेतून निसटते.

समजा, तांदळाची गोणी पूर्ववत 1500 रुपयांनाच आली, पण 50 ऐवजी 45 किलोंची. देयकावर भाव स्थिर. प्रत्यक्षात किलोमागे 30 रुपयांचे 33 रुपये 33 पैसे, म्हणजे 11 टक्के वाढ! प्रत्येक नोंद किलोच्या दरात आणून मागील देयकाशी ताडण्याचे काम संगणकाकडे सोपवावे. तफावत दिसताच रक्कम थांबवावी. पुरवठादारास विचारणा मात्र कार्यकर्त्यानेच करावी. डिझेल महागले की वजन घटविले, हे यंत्रास उमगत नाही.