बीव्हरचे धरण आणि नुकसानीचा हिशेब



बीव्हर हा प्राणी आपल्या देशात नाही; म्हणून आधी त्याची ओळख करून देतो. उंदीर, खार, साळिंदर यांच्या जातकुळीतला हा प्राणी. वजन वीस किलोच्या घरात, शेपटी वल्ह्यासारखी चपटी आणि पुढचे दात पटाशीसारखे. तो मासे खात नाही. झाडपाला आणि साल यांवर जगतो. दातांनी झाडे पाडायची, फांद्या आणि चिखल घालून ओढा अडवायचा आणि साठलेल्या पाण्यात घर करायचे, हा त्याचा पिढीजात धंदा.

हा कारागीर माणसाने जवळजवळ संपवला. कातडे, मांस आणि शेपटीजवळच्या ग्रंथींतले सुगंधी द्रव्य यांपायी त्याची शिकार झाली. ब्रिटनमधून तो सुमारे चारशे वर्षांपूर्वी नाहीसा झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोप-आशियात त्या जातीचे जेमतेम १२०० प्राणी उरले होते. पुढे माणसानेच त्याला परत आणायला घेतले: स्वीडनने १९२२ साली, बव्हेरियाने १९६६ साली, स्कॉटलंडने २००९ साली.

हा खटाटोप कशासाठी? इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डेव्हन परगणा आहे. तेथे २०११ साली एका लहान ओढ्यावर, कुंपणाच्या आत, बीव्हरची एक जोडी सोडली. त्या कुटुंबाने तेरा तळी उभी केली. एक्झेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजमाप केले, तेव्हा तळ्यांत शंभर टनांहून अधिक गाळ अडलेला आढळला. त्यातली बहुतेक माती वरच्या अंगाच्या कुरणांतून धुपून आलेली होती. धावत जाणारे पावसाचे पाणी थबकत जाऊ लागले. बेडकांच्या अंड्यांचे पुंजके २०११ मध्ये दहा होते, ते २०१६ मध्ये ५८० झाले. दलदल जगली की तिच्या आश्रयाचे सारे जगते, ते असे.

त्याच परगण्यात ऑटर नावाची नदी आहे. तिच्यावर बीव्हर मोकळे राहत असल्याचे दिसून आले. ते कोणी सोडले हे उघड झाले नाही. २०१४ साली सरकारने त्यांना पकडून हलवायचे ठरवले. नदीकाठच्या लोकांनी हरकत घेतली, आणि २०१५ पासून पाच वर्षे बीव्हरना प्रयोगादाखल राहू देण्यात आले. निष्कर्ष २०२० साली बाहेर आले: ईस्ट बडले या गावाच्या वरच्या अंगाला बांधांमुळे पुराचा जोर कमी झाला होता, आणि बीव्हरच्या तळ्यांत मासेही अधिक होते. बीव्हर तेथे कायम राहिले.

पण श्रोतेहो, त्याच निष्कर्षांत आणखी एक गोष्ट नोंदली होती. ज्यांना लाभ होतो तेच नुकसान सोसतात असे नाही. पुरातून वाचते खालचे गाव. पाणी शिरते ते काठच्या शेतात. धरणग्रस्त हा शब्द ज्यांच्या भाषेत आहे, त्यांना हा हिशेब फोड करून सांगायला नको.

हिशेब चुकता केला नाही तर काय होते, ते स्कॉटलंडने दाखवले. तेथे १ मे २०१९ पासून बीव्हरला कायद्याचे संरक्षण मिळाले. आणि त्याच वर्षी शेतीचे नुकसान टाळण्यासाठी दिलेल्या परवान्यांखाली ८७ बीव्हर मारले गेले. बव्हेरियाने दुसरी वाट धरली. तेथे गावोगावी बीव्हरचे जाणकार सल्लागार आहेत. ते बांधातून नळ घालून पाण्याची पातळी उतरवतात, झाडांना जाळी बांधतात. आणि शेतकऱ्यास भरपाई देण्यासाठी सरकारी निधी आहे.

इंग्लंडने २०२५ साली बीव्हर मोकळ्या नद्यांवर सोडण्याचे परवाने देण्यास आरंभ केला. आम्ही त्याचे स्वागत करतो. मात्र कामगार संघटनेत राहून आम्ही एक शिकलो: भरपाईची बोलणी नुकसान होण्याआधी करावी, नंतर नुकसान सोसणारा एकटा पडतो. प्राणी सोडण्याच्या दिवशीच काठच्या शेतकऱ्याच्या हाती भरपाईचा लेखी करार असावा, आणि त्या निधीत खालच्या गावाचाही वाटा असावा. बीव्हर आपले काम मजुरी न मागता करील. पण ज्याच्या जमिनीवर ते उभे राहते, त्याला फुकट राबवण्याचा अधिकार कोणालाही नाही.