पुस्तक आवडले, पण पटले का?

वाचकहो, पुष्कळ सार्वजनिक वाचनालयांत अभिप्रायाची एक वही ठेवलेली असते. कधी सवड मिळाली तर ती चाळून पाहा. कादंबऱ्यांवरचे अभिप्राय मोठे चवदार असतात. नायिकेने असे का केले, शेवट असाच का केला, म्हणून वाचक लेखकाशी हक्काने भांडतो. पण इतिहास, आरोग्य, खेळ अशा विषयांवरच्या पुस्तकाची पाळी आली, की हाच वाचक एकदम सोवळ्यात शिरतो. 'माहितीपूर्ण.' 'संग्राह्य.' 'प्रत्येकाने अवश्य वाचावे.' संपला अभिप्राय! नाहीतर मग एकदम दुसरे टोक : 'लेखकाने आमच्या भावना दुखावल्या आहेत. पुस्तक काढून टाकावे.' या दोन टोकांच्या मध्ये जे काही म्हणता येण्याजोगे आहे, ते वहीत फारसे सापडत नाही.

वास्तविक गोष्ट उलट असायला हवी. कादंबरी आपल्याकडे फार थोडे मागते. घटकाभर माझ्यात रमा, एवढेच तिचे म्हणणे. माहितीचे पुस्तक मात्र म्हणते, 'माझ्यावर विश्वास ठेवा.' आणि आपण तो ठेवतोही. त्या विश्वासावर मुलांना इतिहास सांगतो, पथ्य सुरू करतो, औषध थांबवतो, न पाहिलेल्या देशातल्या लोकांविषयी कायमचे मत करून बसतो. म्हणून अशा पुस्तकाबद्दल 'आवडले' हे उत्तर पुरे होत नाही. पटले का, आणि कशावरून पटले, हे वाचकाला सांगता आले पाहिजे. मला आज एवढेच सांगायचे आहे. पण ते नुसत्या उपदेशाने नव्हे, तर काही पुस्तकांच्या आधाराने सांगतो.

प्रथम इतिहास घेऊ. साताऱ्याला रेसिडेंट म्हणून राहिलेल्या जेम्स ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याने लिहिलेला मराठ्यांचा इतिहास १८२६ साली तीन खंडांत प्रसिद्ध झाला. थोड्याच वर्षांत कॅप्टन केपनने केलेला त्याचा मराठी अवतारही निघाला, 'मराठ्यांची बखर' या नावाने. आपल्याकडच्या कितीतरी मुलांनी आपल्याच आजा-पणजांचा इतिहास या पुस्तकातून शिकून घेतला. साहेबाने लिहिलेले, त्यात छापील, आणि शाळेत लावलेले! त्यावर शंका कोण घेणार?

ती घेतली एका विद्यार्थ्याने. नीळकंठ जनार्दन कीर्तने हे त्याचे नाव, आणि वय पुरते पंचविशीचेही नव्हते. १८६७ साली पुण्यात तरुणांच्या एका सभेत त्याने डफच्या बखरीवर टीका करणारा निबंध वाचला आणि पुढे तो 'विविधज्ञानविस्तार' मासिकात छापला गेला. म्हटले तर हा एका वाचकाचा अभिप्रायच होता. पण त्यात नुसता राग नव्हता. ग्रंथाला आधार कोणते, ते पुरेसे आहेत काय, मूळ मराठी कागद पाहिल्यावाचून हा इतिहास पुरा झाला असे म्हणता येईल काय, असे ते विचारणे होते.

आता पाहा, या एका 'कशावरून?' मधून काय काय निघाले. १८७८ साली 'काव्येतिहाससंग्रह' निघाला आणि बखरी व कागदपत्रे छापली जाऊ लागली. १८९८ साली राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला आणि मग गावोगाव दप्तरे धुंडाळत बावीस खंडांपर्यंत मजल मारली. १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. डफने शिवजन्माचा काळ मे १६२७ असा दिला होता. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे घराण्याकडची शकावली उजेडात आणली. तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी तिथी निघाली; म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पाठ्यपुस्तकातले जन्मवर्ष बदलावे लागले, ते कुणी आरडाओरडा केला म्हणून नव्हे, तर कागद सापडला म्हणून.

याच पुण्यात १३७ वर्षांनी पुस्तकावर मत देण्याचा दुसराही एक प्रकार घडला. शिवाजी महाराजांवरच्या एका इंग्रजी पुस्तकात आक्षेपार्ह मजकूर आला होता. त्यावर इतिहासाच्या अभ्यासकांनी प्रकाशकाकडे लेखी हरकत घेतली आणि नोव्हेंबर २००३ मध्ये प्रकाशकाने पुस्तक मागेही घेतले. ही हरकत घेणे वाचकाच्या हक्काचेच होते. पण ५ जानेवारी २००४ रोजी एक जमाव भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात घुसला. संस्थेचा संबंध एवढाच, की लेखकाने तिचे आभार मानले होते. कपाटे फुटली, ग्रंथ आणि हस्तलिखिते जमिनीवर आली. ज्या कागदांच्या बळावर चुकीच्या पुस्तकाला उत्तर द्यायचे, तेच कागद पायदळी गेले! कीर्तन्यांनाही राग आला नसेल असे नाही. पण त्यांनी रागाला कामाला लावले. इतिहासाच्या पुस्तकावर मत देताना या दोन वाटांपैकी आपली कोणती, हे प्रत्येक वाचकाने ठरवायचे आहे.

आता आरोग्याकडे वळू. इथे तर चुकीच्या मताची किंमत ताबडतोब मोजावी लागते. शेजारचे काका सांगतात, 'अहो, ते पुस्तक वाचले आणि गोळ्याच बंद केल्या बघा!' आपल्याला काकांचे कौतुक वाटते, आणि काळजीही वाटायला हवी.

गांधीजींनी १९१३ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत 'इंडियन ओपिनियन' पत्रात आरोग्यावर गुजरातीत लेखमाला लिहिली. पुढे तिचे पुस्तक झाले, ते पूर्वेकडे आणि पश्चिमेकडेही वाचले गेले. लोकप्रियतेत त्यांच्या इतर लिखाणापेक्षा ते वरचढ ठरले. पण १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना गांधीजींनी तोच विषय पुन्हा हाती घेतला आणि ऑगस्ट ते डिसेंबर या अवधीत 'आरोग्यनी चावी' हे नवे पुस्तक लिहिले. त्यात दुधाच्या बाबतीत आपले मत बदलल्याचे त्यांनी स्पष्ट सांगितले आहे. सहा वर्षे त्यांनी दूध वर्ज्य केले होते. मग आमांशाच्या दुखण्याने शरीराचा अगदी सांगाडा झाला आणि शेवटी शेळीचे दूध घ्यावे लागले. शाकाहारी माणसाला प्रकृती ठणठणीत ठेवायची तर दूधदुभते हवे, असा नवा निर्णय त्यांनी दिला. गंमत पाहा, ब-१२ हे जीवनसत्त्व वेगळे काढण्यात शास्त्रज्ञांना यश आले १९४८ साली. ते दुधात असते, वनस्पतीत जवळजवळ नसते. शाकाहारात दूध का हवे, याचे एक कारण असे मागाहून कळले. आज दूध न घेणारे लोक हे जीवनसत्त्व गोळीतून घेतात. म्हणजे गांधीजींचा दुसरा निर्णयही शेवटचा ठरला नाही. आरोग्याचे पुस्तक हातात घेतले, की ते कोणत्या साली लिहिले आणि लेखकाने पुढे मत बदलले काय, हे पाहावे, ते यासाठी.

दुसरे उदाहरण आपल्या काळातले. गडचिरोलीच्या डॉ. अभय बंग यांचे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक २००० साली आले आणि मराठी घराघरांत पोचले. स्वतः डॉक्टर असलेला माणूस आपल्या दुखण्याकडे, आहाराकडे, व्यायामाकडे, मनाकडे कसा वळून पाहतो, याची ती हकीकत आहे. ती वाचून कितीतरी लोक सकाळी फिरायला लागले असतील, चांगलेच झाले. पण याच डॉक्टरांचे दुसरेही एक लिखाण आहे, ते फार थोड्या वाचकांनी पाहिले असेल. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी सहकाऱ्यांसह एक निबंध प्रसिद्ध केला. गावातल्याच बायकांना शिकवून त्यांच्याकरवी नवजात बाळांची घरीच काळजी घेतली, तर बाळे वाचतात काय, हा प्रश्न होता. ३९ गावांत हा उपाय केला आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. तिसऱ्या वर्षी उपाय केलेल्या गावांत हजार बाळांमागे पंचवीस-सव्वीस बाळे पहिल्या महिन्यात दगावली; तुलनेच्या गावांत हा आकडा साठाच्या घरात होता.

एकाच लेखकाची ही दोन लिखाणे शेजारी ठेवा. एक आहे अनुभव, दुसरा आहे पुरावा. अनुभव आपल्याला हलवतो, धीर देतो; पण तो एका देहाचा असतो. पुराव्याला विचारता येते, 'किती जणांना? आणि ज्यांना उपाय केला नाही, त्यांचे काय झाले?' आरोग्याच्या पुस्तकावरचा अभिप्राय या प्रश्नाशिवाय पुरा होत नाही. या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नसेल, तर त्यातली फिरायला जाण्याची सूचना जरूर अमलात आणा. गोळ्यांचे मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

राहता राहिले खेळ. खेळाच्या पुस्तकांना एक सोय असते, ती म्हणजे धावफलक. लेखकाची स्मृती दगा देईल, पण धावफलक जागचा हलत नाही. सुनील गावसकरांचे 'सनी डेज' १९७६ साली निघाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये किंग्स्टनला झालेल्या कसोटीविषयी त्यांनी फार कडक शब्दांत लिहिले आहे. अंगावर येणारे चेंडू, जखमी होणारे फलंदाज आणि त्यावर आनंदाने ओरडणारे प्रेक्षक. आता धावफलक काढा. भारताचा पहिला डाव ६ बाद ३०६ वर सोडलेला, दुसरा डाव ९७ वर संपलेला. आणि दुसऱ्या डावात पाच नावांपुढे 'जखमी, गैरहजर' अशी नोंद! लेखकाने तिखटमीठ लावले असेल, ही आपली शंका एवढ्यापुरती मिटते.

पण धावफलकही सगळे सांगत नाही. त्या पाचांपैकी काही जण चेंडू अंगावर आदळून जायबंदी झाले, तर काहींच्या हाताला क्षेत्ररक्षण करताना इजा झाली होती. ते एका शब्दात कळत नाही. लगेच आधीच्या सामन्यात, पोर्ट ऑफ स्पेनला, भारताने ४०३ धावांचे आव्हान स्वीकारून ४ बाद ४०६ अशी मजल मारली होती. त्या पराभवानंतर यजमानांनी चार वेगवान गोलंदाज उतरवले. हा धागा दोन धावफलक जोडून वाचल्याशिवाय दिसत नाही. आणि प्रेक्षक? त्यांच्याविषयी तर धावफलक अवाक्षर काढत नाही.

तिथे दुसरे पुस्तक उघडावे लागते. त्रिनिदादच्या सी. एल. आर. जेम्स यांचे 'बियाँड अ बाउंडरी' १९६३ साली प्रसिद्ध झाले. कातडीच्या रंगाप्रमाणे क्रिकेटचे क्लब वाटलेले होते, त्या बेटावरची ही हकीकत. काळ्या माणसाला संपूर्ण मालिकेचे कर्णधारपद मिळावे म्हणून जेम्स यांनी वर्तमानपत्रातून लढा दिला, आणि १९६०-६१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी फ्रँक वॉरेल यांना ते मिळाले. मैदान हे तिथल्या माणसाला केवळ करमणुकीचे ठिकाण का नव्हते, हे हे पुस्तक वाचून उमगते. याने किंग्स्टनच्या गोंगाटाचे समर्थन होत नाही. पण 'तिकडचे लोक असेच' हे जे वाक्य आपल्या ओठावर येते, ते तिथेच थांबते. तेच वॉरेल १९६२ साली बार्बाडोसमध्ये, आपला कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर डोक्याला चेंडू लागून मरणाच्या दारी असताना, रक्त द्यायला पुढे झाले होते. हे ज्याला ठाऊक आहे, त्याचे मत एका पुस्तकावर उभे राहत नाही.

तेव्हा वाचकहो, वाचनालयाच्या त्या वहीत पुढच्या वेळी 'माहितीपूर्ण' असे लिहून पेन खाली ठेवू नका. चार ओळी लिहा, पण पानाचा आकडा घालून लिहा. अमुक विधान मला पटले, कारण लेखकाने अमुक कागद दाखवला. अमुक पटले नाही, कारण तो एकट्याचाच अनुभव आहे. अमुक पटले, तरी दुसऱ्या बाजूचे पुस्तक मी अजून वाचायचे आहे. आणि सहा महिन्यांनी चांगला आधार मिळाला, तर त्याच वहीत 'माझे मत बदलले आहे' असे लिहायला लाजू नका. गांधीजींनी ते साऱ्या जगापुढे लिहिले; आपल्याला तर फक्त गावच्या वाचनालयात लिहायचे आहे.

तुमच्यानंतर तेच पुस्तक कुणीतरी घरी नेणार आहे. त्यातली तारीख तो मुलाला शिकवील, त्यातले पथ्य आईला सांगेल. जाण्यापूर्वी त्याने तुमच्या चार ओळी वाचल्या, तर त्याला त्या उपयोगी पडाव्यात, एवढे बघा.